नुपूरसाठी काढलेला वेळ

विमानात तीनशे सात प्रवासी होते. त्यांतल्या तीनशे चार जणांना पुण्याहून चिलीला पोहोचायला पंचवीस मिनिटं लागणार होती. उरलेल्या तिघींना, निदान ठरल्याप्रमाणे, वीस तास. विमान एकच, इंजिनं तीच, आकाशही तेच. फरक होता तो कानशिलावर लावायच्या एका पट्टीचा.

ही पट्टी येऊन बारा वर्षं झाली होती. कंपन्या तिला ‘लघुकाल’ म्हणत. ती लावली म्हणून माणूस झोपत नसे की बेशुद्ध होत नसे. तो जेवे, पाय मोकळे करायला उठे, शेजाऱ्याशी चार शब्द बोले. पण हे सगळं अळवाच्या पानावरून पाणी ओघळावं तसं त्याच्यावरून ओघळून जाई. उतरताना विचारलं तर तो म्हणे, आत्ताच तर बसलो. विमानात पुस्तक घेऊन चढणारा माणूस आता शोधून सापडला नसता. पत्त्यांचे डाव गेले, शब्दकोडी गेली, खिडकीच्या जागेसाठी होणारी भांडणंही गेली. प्रवासात वेळ कसा घालवायचा हा प्रश्नच कुणाला पडेनासा झाला होता.

शर्वरीला तो पडला होता, आणि तिने तो हौसेने ओढवून घेतला होता.

शेपटीकडे, पडद्यामागे, बारा आसनांचा एक छोटा कक्ष होता. पट्टी न लावणाऱ्यांना तिथे बसवत. शर्वरी, तिची सव्वातीन वर्षांची नुपूर आणि पलीकडच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक बाई, एवढ्याच तिघी तिथे होत्या. शर्वरीने पायाशी ठेवलेल्या पिशवीत दुधात भिजवलेल्या दशम्या होत्या, आलेपाक होता, तापाचं, उलटीचं आणि खोकल्याचं अशी तीन औषधं होती, कपड्यांचे चार जोड होते, आणि ‘कानात कापूस घाल गं तिच्या’ असं आईने तीनदा बजावल्यामुळे कापसाचा अख्खा गुंडाळा होता. शिवाय बटणांचा डबा, रंगीत खडू, दोन जुने मोजे आणि वही. ती वेधशाळेत हवामान निरीक्षक होती. येणारं संकट आधी दिसलं पाहिजे, हा तिथे नोकरीचा भाग होता आणि घरी स्वभावाचा.

यावेळचं संकट मात्र तिने स्वतःच सही करून मागून घेतलं होतं. दक्षिणेकडच्या बर्फावर, जिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते, तिथल्या वेधशाळेत तिची नेमणूक झाली होती. तेरा महिने. लहान मूल न्यायची परवानगी नव्हती. नुपूरचा बाबा, अमोघ, दीड वर्षापासून चिलीत दुर्बिणींच्या आरशांचं काम करत होता, तेव्हा आता पाळी त्याची, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. संध्याकाळी विमानतळावर नुपूरला त्याच्या हाती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पुढचं विमान धरायचं.

हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त नुपूरला नव्हतं.

शर्वरीने ते सांगणं या प्रवासासाठी राखून ठेवलं होतं. घरी बांधाबांध, निरोप घ्यायला येणारी माणसं, आजीचे पाणावलेले डोळे. तिथे सांगितलं असतं तर पोर घाबरली असती. इथे कुणी येणार नव्हतं, कुणी हाक मारणार नव्हतं. त्यातून विमान पश्चिमेला जाणार, म्हणजे सूर्याच्या मागोमाग. सकाळी आठला निघून त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला उतरायचं. मध्ये रात्र नाहीच. मावळायचं नाव न घेणारा वीस तासांचा एक दिवस, ती आणि नुपूर. पोरीला तेरा महिने पुरेल एवढा मोठा दिवस द्यायचा, असं तिच्या मनात होतं.

म्हणूनच तिकिटाचा फॉर्म तिने तीन वेळा वाचला होता. प्रवाशाला त्याच्या भाषेत फॉर्म देण्याचा नियम झाल्यापासून कंपन्या यंत्राकडून मराठी करून घेत, आणि ते मराठी कसं असे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे दोन प्रश्न अगदी सरळ होते. ‘प्रवासात आपण स्वतःसाठी वेळ काढू इच्छिता का?’ शर्वरीने ‘नाही’वर खूण केली होती. ‘आपण आपल्या मुलासाठी वेळ काढू इच्छिता का?’ तिने ‘हो’वर खूण केली होती, आणि करताना तिला थोडं भरूनही आलं होतं. कुठल्याही आईने दुसरं काय लिहिलं असतं?

विमान सुटायच्या आधी हवाईसुंदरी आली. नागपूरकडची असावी. तिने नुपूरचे केस बाजूला केले, कानामागे डाळीएवढा काळा ठिपका चिकटवला आणि म्हणाली, “बाळाला तीट लावली बरं का ताई. नजर नको लागायला.” नुपूर खुदकन हसली. लहान मुलं हरवू नयेत म्हणून असं काहीतरी लावत असणार, असं शर्वरीने धरून चाललं. तिने एवढंच विचारलं, की याने पुरळ तर नाही ना उठणार, हिची कातडी फार नाजूक आहे. नाही उठणार, ओल्या कापसाने पुसलं की निघतं, असं सांगून ती मुलगी घाईने पुढे गेली.

मग सुरू झाला तो शर्वरीच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस.

मोजे हातात घातले की त्यांची माणसं झाली. एक मोजा नाकातून बोलायचा, दुसऱ्याला सारखी शिंक यायची. दशमीचे तुकडे ढग झाले आणि खिडकीतले ढग दशम्या. शर्वरीला ढगांची शास्त्रीय नावं तोंडपाठ होती, पण नुपूरने ठेवलेली नावं तिला जास्त पटली. लांबवर विस्कटलेल्या ढगांना नुपूर म्हणाली, “ते केस विंचरायचे राहिलेले.” आणि एका उंच, फुगलेल्या ढगाला म्हणाली, “तो जेवून बसलाय.” शर्वरीने दोन्ही नावं वहीत तारखेसह लिहून ठेवली.

पोर एवढी शहाण्यासारखी वागेल असं तिला वाटलं नव्हतं. घरून सासवडला जाईपर्यंत ‘आलं का?’ हे चाळीस वेळा विचारणारी नुपूर आज एकदाही तसं विचारत नव्हती. रडणं नाही, कुरकुर नाही, कान दुखले नाहीत. शर्वरीने एका पावसाला भिणाऱ्या छत्रीची गोष्ट रचून सांगितली, तर तिने ती डोळे विस्फारून ऐकली. पुन्हा सांग म्हणाली. पुन्हाही तशीच ऐकली.

सातव्या तासाला शर्वरीने धीर केला. ताटलीवर तेरा बटणं एका रांगेत मांडली आणि सांगितलं, की आई एका खूप थंड गावी जाणार आहे. तिथे ढग मोजायचे आहेत. एकेक महिना झाला की बाबा एकेक बटण डब्यात टाकेल. सगळी बटणं डब्यात गेली की आई येईल.

नुपूर बराच वेळ बटणांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “तोपर्यंत मी मोठी होईन?”

“थोडी होशील.”

“मग तू मला ओळखशील?”

शर्वरीने तिला घट्ट धरलं. ओळखीन, म्हणाली, आंधळी झाले तरी ओळखीन. नुपूरने मान हलवली, रांगेतलं एक हिरवं बटण उचलून आईच्या खिशात घातलं आणि सांगितलं, की हे तू ने, थंडी वाजली की धर. मग ती परत मोज्यांशी खेळायला लागली. एवढंच. ज्या गोष्टीच्या धास्तीने शर्वरीचे तीन महिने झोपेविना गेले होते, ती पाच मिनिटांत इतक्या गोड रीतीने पार पडली होती. पलीकडच्या बाई सारखं आपल्याकडे बघतायत हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला आपल्या लेकीचा अभिमानच वाटला.

चूक लक्षात आली ती चौदाव्या तासाला, आणि आली ती शर्वरी दमल्यामुळे.

छत्रीची गोष्ट ती पाचव्यांदा सांगत होती. डोळे मिटत होते. जांभळ्या छत्रीच्या ऐवजी तिच्या तोंडून पिवळी छत्री असं गेलं. तिने बोलता बोलता जरा वाट पाहिली. घरी अशी चूक खपतच नसे. एकदा ऐकलेल्या गोष्टीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला की नुपूर ताडकन उठून बसे, ‘असं नाहीये’ म्हणे आणि पहिल्यापासून सांगायला लावी. आज ती काहीच बोलली नाही. शर्वरीने मुद्दाम छत्री निळी केली. मग हिरवी. नुपूर तसेच डोळे विस्फारून म्हणाली, “मग काय झालं?”

निरीक्षकाच्या डोक्यात एक काटा असतो. पारा उगाच स्थिर राहिला की तो टोचतो. शर्वरीची झोप उडाली. इकडचं तिकडचं दोनचार मिनिटं बोलून तिने सहज विचारलं, की आपली छत्री कशाला भीत होती गं?

“कुठली छत्री?” नुपूर म्हणाली.

मग शर्वरीने खिशातून हिरवं बटण काढून तिच्यापुढे धरलं. नुपूरने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, छान आहे म्हणाली, आणि विचारलं, “हे मला?”

शर्वरी पोरीला उचलून तडक पलीकडच्या बाईंकडे गेली. तिला ताप आहे का, डोक्याला काही लागलं असेल का, असं काहीबाही विचारत सुटली. बाईंनी आधी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. त्या मिरजेच्या डॉक्टर नसीम मुजावर, मेंदूच्या अभ्यासक. चिलीला एक निबंध वाचायला निघाल्या होत्या. त्यांनी नुपूरचे केस बाजूला करून कानामागचा ठिपका दाखवला.

“मुलांची पट्टी आहे ही. पाचाखालच्यांसाठी यंदाच आलीय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

शर्वरीने फोनवर फॉर्म काढून दाखवला. डॉक्टरांनी वाचला आणि त्यांना हसू फुटलं. पण ते लगेच विरलं. या कंपनीच्या यंत्राला मराठी शिकवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, त्या म्हणाल्या, की आपल्याकडे लेकरासाठी वेळ काढतात तो कामातून. काट्यासारखा लेकराच्या अंगातून नव्हे.

“मला वाटलं, तुम्ही ठरवूनच लावलीय,” त्या पुढे म्हणाल्या. “सकाळपासून बघत होते. तीट लावलेल्या पोराला इतकं खेळवणारी आई मी पाहिली नव्हती. म्हटलं, असेल वेडी.”

मग शर्वरीच्या आग्रहाखातर त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या मेंदूत घड्याळ नसतं. असते एक दोरी, आणि मेंदू तिला गाठी मारत जातो. नवं काही दिसलं, गाठ. काही लागलं, दुखलं, आवडलं, गाठ. आपण म्हणतो ना, मनाशी खूणगाठ बांधली, तशा या खूणगाठी. वेळ किती गेला हे मेंदू घड्याळावरून ठरवत नाही. मागे वळून या गाठी मोजतो. लघुकालाची पट्टी काय करते, तर पन्नास गाठींतली एकच मारू देते. म्हणून वीस तास पंचवीस मिनिटांचे होतात. त्या क्षणी माणूस हसतो, बोलतो, सगळं खरं असतं. फक्त गाठ पडत नाही.

“आणि लहान पोरं आपल्या पाचपट गाठी मारतात,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांना सगळंच नवं. म्हणून तर तासाभरात ती इतकी कंटाळतात. आपला तास तो त्यांचा अख्खा दिवस.”

शर्वरीने विचारलं, की आजचा दिवस तिला नंतर कधीतरी आठवेल का, झोपेत, मोठेपणी. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. विसरली असती तर शोधता आलं असतं. हे विसरणं नव्हे; बांधलंच नाही, तर सोडणार काय? नुपूरच्या लेखी विमान सुटून आत्ताशी सतरा-अठरा मिनिटं झाली होती.

म्हणजे मोजे नाहीत. जेवून बसलेला ढग नाही. आणि ती तेरा बटणंही नाहीत. पोरीने समजून घेतलं, आईला बटण दिलं, हे सगळं एकट्या शर्वरीकडे होतं. नुपूरला काही माहीतच नव्हतं, आणि उद्या सकाळी तिची आई उठून निघून जाणार होती.

तीट आता पुसली तर काय होईल, असं तिने विचारलं. कंपनी सांगते उतरेपर्यंत काढू नका, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि कंपनीचं या बाबतीत खोटं नाही. अंग चौदा तासांचं शिणलेलं आणि मन मात्र अजून विमानतळावरच. पोर बावरेल, फार रडेल. राहू दिली तर हसत उतरेल.

“आणि तुम्ही का नाही लावत पट्टी?” शर्वरीने विचारलं.

डॉक्टरांच्या मांडीवर त्यांच्या निबंधाचे कागद होते. त्यांनी त्यावर हात ठेवला. वयाच्या आठव्या वर्षापासून पट्टी लावत आलेली पोरं आता वीस वर्षांची झाली होती. अशा चारशे जणांना डॉक्टरांनी विचारलं होतं, की तुमच्या आईबद्दल सांगा. सगळ्यांनी सांगितलं: वाढदिवस, सहली, दिवाळी. आई छान दिसायची, छान हसायची.

“मग मी विचारलं, आई कंटाळली की काय करते? चारशेतल्या एकालाही सांगता येईना.” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझी अम्मी दवाखान्याच्या रांगेत बसली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मला अम्मी आठवते ती तेवढीच. रांगेतली, एसटीच्या फलाटावरची. आपण काढून टाकला तो नेमका तोच वेळ.”

शर्वरी आपल्या जागेवर आली. आईने दिलेल्या कापसाच्या गुंडाळ्यातून बोळा काढला, पाण्यात भिजवला आणि नुपूरच्या कानामागचा ठिपका पुसून टाकला.

पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग नुपूरने इकडे तिकडे पाहिलं. आपण कुठे आहोत हे तिला कळेना. पाय दुखतात म्हणाली. कान दुखतो म्हणाली. भूक नको, पाणी नको, मांडीवर नको, खाली नको. मग तिने जो सूर लावला तो दीड तास खाली आला नाही. पडद्यापलीकडच्या तीनशे चार जणांना त्याचा काहीच त्रास नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती दोन मिनिटं रडली असेल. शर्वरीने मोजे काढले, नुपूरने ते भिरकावले. ढग दाखवले तर तिने खिडकीची झडप खाली ओढली. आलं का, असं तिने सतरा वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणताना शर्वरीचा आवाज थोडा थोडा कोरडा होत गेला.

उतरायला तीन तास उरले तेव्हा शर्वरीने पुन्हा बटणं मांडली. शब्दही तेच वापरले. थंड गाव, ढग, डबा. नुपूरने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ताटलीला असा फटका मारला की बटणं कक्षभर उडाली. मी नाही बाबाकडे जाणार, म्हणाली. तू घाण आहेस, म्हणाली. तिने आईच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली, आणि एकोणीस तास जागी असलेली शर्वरी तिच्यावर ओरडली. गप्प बस म्हणून ओरडली. याआधी ती तशी कधीच ओरडली नव्हती.

नुपूर दचकून गप्प झाली. मग शर्वरीलाच रडू फुटलं. तोंड लपवायलाही जागा नव्हती. तिने दोन आसनांच्या मध्ये खाली बसून बटणं गोळा करायला घेतली आणि तिथेच रडत राहिली. डॉक्टर वाकून आपल्या रांगेतली बटणं वेचून देऊ लागल्या. बऱ्याच वेळाने नुपूर आसनावरून घसरत खाली आली. तिने आईच्या गालाला हात लावला आणि बोट ओलं झालं ते बघितलं. “तुला पण कान दुखतो?” तिने विचारलं. शर्वरीने हो म्हणून सांगितलं. मग दोघी तिथेच खाली बसून राहिल्या. खेळ नाही, गोष्ट नाही. शर्वरी नकळत आपली वेणी पुढे घेऊन तिचं टोक उलगडत आणि पुन्हा गुंफत होती, आणि नुपूर तिच्या हातांकडे बघत होती.

विमान उतरलं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. तीनशे चार जण इस्त्रीतून काढल्यासारखे ताजे, गप्पा मारत निघाले. त्यांच्या मागून या दोघी आल्या; डोळे सुजलेले, केस पिंजारलेले. अमोघ धावतच पुढे झाला. नुपूरला फोनच्या पडद्यावरचा बाबा खरा निघाल्याचं जरा नवल वाटलं, मग ती त्याच्या कडेवर गेली आणि पहिलंच वाक्य बोलली, “आई माझ्यावर ओरडली. आणि आई जाणारे.”

“सांगितलंस?” अमोघने हळूच विचारलं.

“दोनदा,” शर्वरी म्हणाली.

सामानाची वाट बघत उभे असताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो वाईट वाटून ऐकत राहिला. समजूतदार माणूस होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की जाऊ दे, झालं ते झालं. मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, की एक गोष्ट तिच्याशी बोलायचीच होती. इथल्या बालवाडीत, ज्यांची आई किंवा बाबा लांब असतात अशा मुलांना सौम्य तीट लावतात. सतत नाही, रोज काही तास. मुख्यतः संध्याकाळी, आठवण येते त्या वेळेला. मुलं शिकतात, खेळतात, सगळं नीट चालतं. फक्त वाट बघणं तेवढं जाणवत नाही. तेरा महिन्यांची वाट तिला दोन-तीन महिन्यांएवढीच वाटेल.

“त्यांच्या बाईंनी मला दाखवली ती मुलं,” तो म्हणाला. “शर्वरी, एकही रडत नव्हतं.”

त्याचं चुकत होतं असं शर्वरीला म्हणता येईना. पोरीचा एवढासा जीव, आणि दुःख टाळायची सोय हाताशी. तिची आई इथे असती तर म्हणाली असती, लाव बाई, लेकराला कशाला त्रास.

“नको,” ती म्हणाली. “वाट बघू दे तिला माझी.”

अमोघने नुपूरला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग अगदी मऊ आवाजात, अजिबात न टोचता, विचारलं, “हे तिच्यासाठी म्हणतेयस की तुझ्यासाठी?”

तिच्या डोक्यात, सवयीने, आकडे जुळायला लागले. लहान पोर आपल्या पाचपट गाठी मारतं. म्हणजे बर्फावरचे तिचे तेरा महिने नुपूरला पासष्ट महिन्यांएवढे. पाच वर्षं आणि वर पाच महिने. एवढी वाट तिने आत्ता, सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून, एका शब्दात पोरीच्या नावावर लिहून टाकली होती, कारण तिला विसरलं जायला नको होतं.

शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. अमोघ थांबला होता. तिने मागे घेतला नाही.

नुपूर बाबाच्या खांद्यावर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होती. ती अजून रागावलेली होती. हाक मारली तरी ओ देत नव्हती. पण नजर काढत नव्हती. आईचे सुजलेले डोळे, चुरगळलेला सदरा, अर्धी सुटलेली वेणी, एकेक करत ती बघत होती, पापणीही न लववता.

सामान आलं. अमोघने ते उतरवलं, चल म्हणाला. शर्वरी हलली नाही. पोरीचं बघून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.